सुकण्याची मुदत

साहेबांनी पडद्यावरच्या तांबड्या पट्टीच्या टोकावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "ही अलीकडे आणा."

खोलीत पाच-सहा जण बसले होते, पण साहेब कुणाला म्हणाले हे विचारायची गरज नव्हती. त्या कंपनीत तारखा मागेपुढे करायचं काम एकच माणूस करत असे. ऑफिसात त्याला सगळे कॅलेंडर म्हणत. तोंडावर ‘अहो कॅलेंडर’, पाठीमागे नुसतंच कॅलेंडर. पन्नाशी ओलांडलेला, आवाज न चढवणारा, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा आणि तोवर आपलं म्हणणं गिळून टाकणारा माणूस. या नावाचा त्याला राग येत नसे. भिंतीवर आहोत तोवर कुणीतरी वर मान करून बघतं, एवढं समाधान तो त्यातून काढायचा.

तांबडी पट्टी माळावरच्या नव्या वसाहतीची होती. नदीवर धरण बांधून झालं होतं. पावसाळ्याआधी त्याचे दरवाजे बंद व्हायचे होते आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली जायची होती. त्या गावांतल्या माणसांसाठी घरं बांधायचं काम या कंपनीकडे होतं. दरवाजे बंद व्हायची तारीख वरून ठरून आली होती. घरं पुरी व्हायची तारीख मात्र कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरमधून निघत होती, आणि ती दरवाजांच्या तारखेच्या कितीतरी पुढे जाऊन पडत होती.

त्यात जादू काही नव्हती. आधी काम मोजायचं. सगळ्या घरांच्या सगळ्या भिंती मिळून प्लास्टर किती, ते काढायचं. मग एक टोळी दिवसाला किती उरकते ते बघायचं. एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचे दोघे दिवसभरात बारा चौरस मीटर नीट करतात. एकूण कामाला त्यानं भागायचं, टोळ्या किती आहेत त्यानं पुन्हा भागायचं, की दिवस निघाले. सॉफ्टवेअर हा भागाकार पापणी लवायच्या आत करायचं. शहाणपण त्या बाराच्या आकड्यात होतं, आणि तो कॅलेंडरनं वर्षानुवर्षं उन्हात गवंड्यांच्या मागे उभं राहून जमवला होता.

काही कामांना हा भागाकार लागूच नसे. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारायचं आणि मग भिंत महिनाभर सुकू द्यायची. तिथे दहा माणसं लावा नाहीतर शंभर, भिंत आपल्या सवडीनंच सुकते. अशा कामासमोर ‘मुदत पक्की’ अशी खूण करायची सोय होती, आणि कॅलेंडरनं ती केली होती.

साहेबांनी आधी टोळ्या दुप्पट करायला सांगितलं. कॅलेंडर म्हणाला, एवढे गवंडी आसपास मिळायचे नाहीत, आणि मिळाले तरी एका खोलीत दोन टोळ्या एकमेकींच्या पायात येतील. साहेब म्हणाले, ती काळजी साइटवाले करतील, तुम्ही आकडा टाका. त्यानं टाकला. प्लास्टरची पट्टी मुकाट्यानं निम्मी झाली. तारीख बरीच मागे सरकली, तरी महिनाभर पुढेच राहिली.

"हे काय आहे?" साहेबांचं पेन सुकण्याच्या ओळीवर आलं. "इथे माणसं का लावली नाहीत?"

"सुकायला माणसं लागत नाहीत, साहेब."

कुणीतरी हसलं. साहेबही हसले. "माणसं लागत नाहीत, मग वेळ कशाला लागतोय? पाच आठवड्यांचा एक करा."

कॅलेंडरनं सांगायला सुरुवात केली, की असं केलं तर पाणी मारणं थांबेल त्याच दिवशी माणसं आत राहायला जातील, आणि ओल्या भिंतीत म्हातारी माणसं, लहान मुलं... पण साहेब तोवर पाण्याच्या टाकीच्या विषयावर पोचले होते. त्यानं ‘मुदत पक्की’ची खूण काढली. पस्तिसाच्या जागी सात टाइप केलं. तांबडी पट्टी हिरवी झाली आणि दरवाजांच्या तारखेच्या अलीकडे शहाण्या मुलासारखी येऊन बसली.

पुढे तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. बाई वाचून सही करणाऱ्या निघाल्या. त्यांनी एकेक पान बघितलं, प्लास्टरपाशी थांबल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. साहेबांनी कॅलेंडरकडे हात केला आणि स्वतः खिडकीबाहेर बघू लागले.

"एवढ्या दिवसांत हे काम बसतं?" बाईंनी विचारलं.

बाईंच्या हातात होतं. त्यांनी ‘बसत नाही’ असं लिहिलं असतं तर दरवाजे आणखी एक वर्ष उघडे राहिले असते. कॅलेंडरला हे ठाऊक होतं.

"बसवलंय, मॅडम," तो म्हणाला.

बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सही केली. आपण ‘बसतं’ म्हणालो नाही, ‘बसवलंय’ म्हणालो, या एका शब्दाला धरून तो पुढे कितीतरी दिवस तगला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसली ती काडी होती.

बुडणाऱ्या गावांत त्याच्या ताईचं गाव होतं.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि लग्न होऊन सासरी जाताना ताई त्याला पोटच्या पोरासारखा बरोबर घेऊन गेली. भाऊजींची पिठाची गिरणी होती. नव्या नवरीबरोबर आयता मेव्हणा घरात आला, पण त्या माणसानं चकार शब्द काढला नाही. उलट गिऱ्हाइकांना सांगायचे, की एकावर एक फुकट मिळालाय, सोडतो कशाला. कॅलेंडरची शाळा, वसतिगृह, डिप्लोमा सगळं त्या गिरणीतून निघालं. भाऊजींच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असत. ते आंघोळ करून आले की त्याला ते परके वाटत. पुढे ते पीठ छातीत उतरलं. जिना चढताना थांबू लागले, मग सपाटीवर चालतानाही थांबू लागले. डॉक्टरांनी गिरणीत उभं राहायचं नाही म्हणून बजावलं, तसे ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागले आणि नुसत्या आवाजावरून आतल्या गड्याला सांगू लागले, की दाणा ओला आहे, हळू सोड.

सात टाइप केल्यावर कॅलेंडरच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यानं त्याच्या परीनं एक केलं. घरांची कोणती ओळ आधी आणि कोणती मागून, हे ठरवणं त्याच्याच हातात होतं. ताईला कुठलं घर मिळणार याची त्यानं चौकशी केली आणि ती सगळी ओळ प्लास्टरच्या पहिल्या फेरीत घातली. तिच्या भिंतींना सुकायला दोन महिने तरी मिळतील असा हिशेब होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

मग घरांच्या वाटपावरून गावागावांत भांडणं झाली. कुणाला कोपऱ्याचं घर हवं, कुणाला रस्त्याकडेचं. शेवटी सगळं वाटप रद्द करून चिठ्ठ्या टाकल्या. ताईची चिठ्ठी शेवटच्या गल्लीत निघाली.

शेवटच्या गल्लीचं प्लास्टर सगळ्यांत शेवटी झालं. गवंडी दुप्पट मिळाले नव्हतेच. होते तेच रात्रंदिवस राबवले होते. गाव हलवायला ट्रक यायच्या आदल्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला तेव्हा साइटवरचा अहवाल कॅलेंडरच्या समोरच होता. त्या गल्लीतल्या भिंतींना जेमतेम आठवडा झाला होता.

ताईनं आधी त्याच्या तब्येतीची विचारपूस केली. मग सामानाचं सांगितलं. गिरणीचं यंत्र सुटं करून बांधून ठेवलं होतं, भाऊजी त्याच्यापाशीच बसून होते, जेवायलाही उठत नव्हते. आणि मग तिनं विचारलं, "भिंती वाळल्यात का रे? ह्यांना ओल अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा सांगितलंय."

त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं, ते भाऊजींविषयी नव्हतं. आपली बहीणच हलली नाही तर तिच्याकडे बघून गाव हलणार नाही, असं त्याच्या मनात आलं. गाव हललं नाही तर साहेब विचारतील, की कुणाच्या सांगण्यावरून. त्या बाई पुन्हा येतील. पानं पुन्हा उघडतील.

"वाळल्यात," तो म्हणाला. "ये तू."

"झालं तर मग. तू म्हणालास म्हणजे बघायला नको," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हलका झाला.

पावसाळा निम्मा झाल्यावर तो वसाहतीत गेला. घर चारचौघांसारखं होतं, दोन खोल्या, मागे मोरी. भिंतींवर काळपट ठिपके उठले होते आणि खालच्या वीतभर भागात रंगाचे फुगे आले होते. ताईनं भाऊजींची खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली होती. त्यामुळे घरात येणाराजाणारा खाटेला वळसा घालूनच जायचा. गिरणीचं यंत्र अजून बांधलेलंच होतं, कारण यंत्राला लागते तेवढी वीज वसाहतीत आली नव्हती.

भाऊजी आडवे होऊ शकत नव्हते. उशांना टेकून बसले होते. त्याला बघून हसले. दोन शब्द झाले की थांबत होते.

"घर बांधलंय... की विहीर... विचार तुझ्या साहेबांना," ते म्हणाले. "गाव बुडालं... ते परवडलं. तिथे पाणी... बाहेरून आलं."

"त्याला कशाला बोलता?" ताई आतून म्हणाली. "पाऊसच यंदा असा आहे. त्याला काय करणार कुणी?"

पाऊस त्या वर्षी बेताचाच होता. कॅलेंडरला ते माहीत होतं. माझ्याकडे चला, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण ते म्हणायचे, तर ही ओल पावसाची नाही हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग तो फोन निघाला असता. ताईनंच त्याच्यासाठी शोधून दिलेलं कारण त्यानं मुकाट्यानं पदरात घेतलं. पुढच्या खेपेला तो विजेचा हीटर घेऊन गेला. वीज दिवसातून चार वेळा जायची. हीटर पुन्हा तापायला लागला की भाऊजी म्हणायचे, आला बरं का पाहुणा.

थंडीच्या सुरुवातीला भाऊजी गेले. दवाखान्यात दहा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, छाती आधीचीच खराब होती, ओलीचं निमित्त झालं. आधीचीच खराब होती, एवढंच सगळ्यांनी उचललं आणि सगळे मोकळे झाले. कॅलेंडरला कुणी एका शब्दानं काही म्हटलं नाही. ताई तर भेटायला येईल त्याला सांगत होती, की भावानं शेवटपर्यंत धावपळ केली, हीटर आणला, औषधं आणली, त्याच्यामुळेच घर वेळेवर मिळालं. तो शेजारी उभा राहून हे ऐकायचा. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

त्याच सुमाराला कंपनीला दुसऱ्या एका खोऱ्यातलं तसलंच काम मिळालं. वेळापत्रक करायला कॅलेंडर बसला. कुठल्या कामाचा वेग किती धरायचा, याचा कंपनीचा एक तक्ता सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यात प्लास्टरसमोर बाराचा आकडा नव्हता. तिथे आता वीस होते, आणि पुढे ‘साध्य झालेले’ असा शेरा होता. सुकण्याच्या ओळीसमोर सात होते. वसाहत कागदावर तारखेला पुरी झाली होती. तेव्हा तिच्या तारखांवरून कुणीतरी उलटा भागाकार करून वेग काढला होता. त्यानं नाइलाजानं मारलेली थाप पुढच्या सगळ्या घरांचं माप होऊन बसली होती.

तो उठून साहेबांच्या खोलीत गेला. इतक्या वर्षांत न बोलावता तो पहिल्यांदाच गेला होता.

"साहेब, तक्त्यातले आकडे खरे नाहीत."

"काम तारखेला झालं ना?"

"झालं."

"मग खरे नाहीत कसे?"

"त्या घरांत माझे भाऊजी राहायला गेले होते," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं तयार करून आणलं होतं, पण ते त्यानं म्हटलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, झालं ते फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "तारीख मी ठरवली नव्हती हो. मला वरून आली, मी खाली दिली. तुम्ही नाही म्हणाला असतात तर दुसरं कुणी टाइप केलं असतं." हे खरंच होतं.

जागेवर येऊन त्यानं नव्या कामाच्या वेळापत्रकात सुकण्यासाठी पस्तीस दिवस टाकले आणि ‘मुदत पक्की’ची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर तिथे सात होते. वरच्या अधिकाराच्या कुणीतरी ते बदलले होते. खाली ‘तयार करणार’ म्हणून नाव त्याचंच होतं. त्यानं पुन्हा पस्तीस केले. संध्याकाळपर्यंत पुन्हा सात झाले. तिसऱ्यांदा त्यानं हात लावला नाही.

सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे गेला. ती दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. खाट पुन्हा भिंतीला गेली होती आणि खोली उगाच मोठी वाटत होती. स्वयंपाक झालाय, एवढे निवडून झाले की वाढते, असं ताई म्हणाली. तो तिच्याजवळ पायरीवर बसला.

तेवढ्यात समोरून एक शिंपी आला. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांची पाळी आता आली होती आणि त्यांच्यासाठी वसाहतीच्या पलीकडे नव्या ओळी उठत होत्या. त्यातलं एक घर या शिंप्याला मिळालं होतं. तो ताईला ओळखत होता. कॅलेंडरकडे वळून तो अदबीनं म्हणाला, "तुम्ही ताईंचे भाऊ ना? तारखांचं बघता ते? एक विचारायचं होतं. लेक बाळंत होऊन आलीय माझ्याकडे, वीस दिवसांचं पोर आहे. परवा घर ताब्यात देतायत. साइटवाले म्हणतात, भिंती वाळल्यात. आणू का दोघांना?"

"प्लास्टर कधी झालं?"

"झाले की आठ-दहा दिवस."

ताई तांदूळ निवडत होती. कॅलेंडरनं तिच्याकडे बघितलं नाही. त्याला वाटलं, जरा बाजूला नेऊन सांगावं. बाजूला न्यायचं निमित्तही सुचलं. पण पाय उचलला नाही.

"नका आणू," तो म्हणाला. "आठ दिवसांत भिंत वाळत नाही. महिना लागतो, वर थोडा जास्तच. दिसते वाळल्यासारखी, पण आत पाणी असतं. कुणीही वाळली म्हणालं तरी ऐकू नका. मी म्हणालो तरी ऐकू नका."

शिंपी गोंधळला. "पण ताई तर म्हणत होत्या, तुम्ही सांगितलंत म्हणूनच त्या बिनघोर..." एवढं बोलून त्याला काय उमगलं कोण जाणे, तो थांबला. मग, लेकीची सोय तिच्या मावशीकडे बघतो, असं काहीतरी पुटपुटून निघून गेला.

ताईचे हात सुपात थांबले होते. बऱ्याच वेळानं तिनं एक खडा उचलला आणि बाहेर टाकला.

"तुला तेव्हा माहीत होतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"खरं सांगितलं असतंस तर ह्यांना घेऊन मी तुझ्याकडे आले असते. दोन महिने. जास्त नसते राहिले."

त्याला बोलायचं होतं. ओळ पुढे घेतली होती, चिठ्ठ्या टाकल्या, साहेब, दरवाजे, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं काहीही तिच्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

ताई गुडघ्यावर हात देऊन उठली. सूप आत नेऊन ठेवलं. जेवायची वेळ झाली होती आणि तो उपाशी होता, तेव्हा तिनं ताट घेतलं, पाणी ठेवलं आणि त्याला आत बोलावलं. तिनं नेहमीसारखं सगळं नीट वाढलं. आणि समोर बसून राहिली, डोळे मात्र दाराकडे. तो खाली मान घालून जेवत होता. भाजी संपली, भात संपला. ताटात हात फिरवत तो थोडा वेळ थांबला. भांडी तिच्या हाताशीच होती, त्यांत जेवण होतं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून आजवर त्याच्या ताईनं त्याला आणखी घे म्हटल्याशिवाय कधी उठू दिलं नव्हतं.

तो उठला आणि मोरीत जाऊन हात धुतले.